ओळख पटली तर उठून जावं

बात्रिच जिना चढून वर येत होता आणि त्याच्या खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं अर्धं कोकरू होतं. दाराच्या भिंगातून लाबुदला आधी ती तेलकट चादर दिसली, मग बात्रिचचं घामेजलेलं कपाळ, आणि बऱ्याच मागे, कठड्याला धरून सावकाश चढणारी यागलिका. लाबुद भिंगापासून बाजूला झाला. घरात कोणी नाही असं भासवावं, हा विचार साठीला टेकलेल्या डॉक्टरच्या मनात येऊ नये. पण आला खरा.

"उघड ना दार," त्याची बायको रोसांदा स्वयंपाकघरातून म्हणाली. "रविवारची दुपार आहे, आपली गाडी खाली उभी आहे आणि माझ्या कांद्याचा वास तळमजल्यापर्यंत गेलाय. कुणापासून लपतोयस?"

 शुक्रवारपासून बात्रिचचे फोन येत होते आणि लाबुद ते घेत नव्हता.

बात्रिच त्याचा कूम होता. लग्नात मेणबत्ती घेऊन नवऱ्याशेजारी उभा राहतो आणि पुढे त्याच्या पोरांना बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरतो, तो कूम. आमच्या डोंगरात सख्ख्या भावाशी कोर्टात भांडलेलं चालतं, कूमला नाही म्हटलेलं चालत नाही. वर देव आणि खाली कूम, असं आमच्याकडे म्हणतात; त्यातल्या देवाला निदान फोन करता येत नाही.

आणि यागलिका बात्रिचची बायको, म्हणजे लाबुदची कूमा. उत्तरेतल्या कोलाशिनच्या शाळेत आयुष्यभर पोरांना पाढे शिकवून ती निवृत्त झाली आणि तिची कंबर दुखायला लागली. निघाला मायलोमा, हाडं आतून पोखरणारा रक्ताचा कर्करोग. पहिलं औषध वर्षभर पुरलं, दुसरं तेवढंही नाही. तिसरं औषध होतं. चांगलं होतं, फार महाग होतं, आणि सरकार ते मोजक्या रुग्णांसाठीच विकत घेत होतं. कुणासाठी घ्यायचं ते दर गुरुवारी राजधानीत, पॉडगोरित्सात, पाच डॉक्टरांची एक परिषद ठरवत असे. लाबुद त्या पाचांतला एक होता.

नुसता एक होता असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर अन्याय होईल. ती परिषद त्याच्याच डोक्यातून निघाली होती. तिच्याआधी आमच्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ज्याचा मावसभाऊ मंत्रालयात, त्याला औषध. ज्याचा कुणीच नाही, त्याच्यासाठी मठात मेणबत्ती. रक्ताच्या कर्करोगाचे किती रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत राहतात याचा युरोपातल्या देशांचा तक्ता दरवर्षी येई, आणि त्यात आपण कुठे आहोत हे शोधायला वरून वाचायची गरज पडत नसे. औषधं कमी आहेत म्हणून नव्हे, ओळखी जास्त आहेत म्हणून माणसं मरताहेत, असं लाबुदने एकदा भर बैठकीत मंत्र्यांच्या तोंडावर सांगितलं होतं. त्यातून मग राष्ट्रीय रक्तकर्करोग कार्यक्रम उभा राहिला. एकच रांग, एकच परिषद. रुग्णाचं नाव काढून टाकायचं, गाव काढून टाकायचं, नुसत्या आजाराचा विचार करायचा. आणि पाचांपैकी कुणाला तरीही ओळख पटली, तर त्याने काही न बोलता उठून बाहेर जायचं. हा शेवटचा नियम लाबुदने स्वतः लिहिला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

नियम चांगला होता, देश लहान होता. नाव झाकलं तर वय दिसायचं, वय झाकलं तर धंदा. पहिल्याच महिन्यात एका सहकाऱ्याने लाल तोंडाने खुर्ची मागे सारली आणि तो बाहेर गेला. उरलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याचं कुणीतरी असणार, बिचारा कसा गप्प उठून गेला बघा, असं कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, आणि ती केस न वाचताच मंजूर झाली. तेव्हापासून लाबुदला कळून चुकलं होतं की या खोलीतून उठून जाणं हाच सगळ्यात मोठा वशिला आहे. शब्द टाकायला निदान तोंड उघडावं लागतं. इथे नुसतं उठलं की पुरे.

म्हणून गुरुवारी तो उठला नाही.

दुसरी केस वाचायला घेतली होती. स्त्री, वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षिका, उत्तरेकडच्या डोंगरात राहणारी. मायलोमा. दोन औषधं निष्फळ. मूत्रपिंडं जराशी अधू. लाबुदच्या हातातलं पेन थांबलं. यागलिकाला त्याने मुद्दाम स्वतःकडे न ठेवता दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवलं होतं, पण तिची मूत्रपिंडं अधू आहेत एवढं त्याला माहीत होतं. तिचे कागद परिषदेकडे गेले आहेत हे बात्रिचने महिन्यापूर्वीच कानावर घातलं होतं. "मी काही म्हणत नाही हं," असं म्हणत, तीन वेळा.

उठलो तर सगळ्यांना कळेल. कळलं तर माझ्या तोंडाकडे बघून हो म्हणतील. मग या सगळ्या खटाटोपाला अर्थ काय राहिला? असा विचार करत लाबुद बसून राहिला. नुसतं बसूनही भागलं नाही. गप्प राहिलो तर तेही आतून हो म्हटल्यासारखंच, असं त्याला वाटलं, आणि तो बोलायला लागला. मूत्रपिंडांचं काय, हे औषध त्यांना झेपेल का, तीन महिने थांबून पुन्हा तपासण्या केल्या तर काय बिघडेल. मायलोमाच्या बाबतीत देशात त्याच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नव्हता. बाकीचे चौघे ऐकत राहिले आणि केस तीन महिने पुढे ढकलली गेली. आपला तो बाब्या असं सगळं जग म्हणतं. लाबुदने आपल्या बाब्याला दाराबाहेर उभं केलं होतं आणि जिना उतरताना त्याला स्वतःचा क्षणभर हेवासुद्धा वाटला.

तो क्षण गाडीपर्यंतही टिकला नाही. बोलताना त्याचा एकही शब्द चुकीचा नव्हता, पण अनोळखी बाई असती तर तो नेमका याच्या उलट बोलला असता हे त्याला ठाऊक होतं. यागलिकाकडे तीन महिने असतीलच असं नाही, हेही ठाऊक होतं. गुरुवारची रात्र, सगळा शुक्रवार, सगळा शनिवार तो हेच चघळत होता, आणि खिशातला फोन वाजला की बात्रिचचं नाव बघून तो परत खिशात टाकत होता.

आता बात्रिच दारात उभा होता. कोकरू घेऊन. आमच्याकडे माणूस उपकार मानायला कोकरू आणतो आणि लाजवायलाही आणतो. लाबुदने कडी काढली.

"मेलायस का रे तू?" बात्रिच उंबऱ्यातच ओरडला. "फोन उचलायला काय होतं तुला? बोटं झडली का?"

"बात्रिच, ऐक, मी तुला—"

बात्रिचने कोकरू रोसांदाच्या हातात जवळजवळ फेकलं आणि लाबुदला मिठी मारली. दोन्ही गालांचे मुके घेतले, मग पुन्हा पहिल्या गालाचा घेतला आणि तसाच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागला. जंगलखात्यात आयुष्य काढलेला, अस्वलासमोर उभा राहिलेला तो धिप्पाड माणूस नाक ओढत रडत होता आणि त्याच्या दाढीला भाजलेल्या चरबीचा वास येत होता.

"मंगळवारी," तो म्हणाला. "मंगळवारी पहिली सुई. औषध मंजूर होऊन आलं असा शुक्रवारी सकाळी दवाखान्यातून फोन आला. देव तुझं भलं करो, कूम. तुझ्या पोरांचं भलं करो."

"कुठली सुई?" लाबुद म्हणाला.

"हा बघा, अजून सोंग करतोय." यागलिका वर पोचली होती आणि दाराच्या चौकटीला टेकून दम खात होती. डोक्याला निळा रुमाल होता आणि कोट खांद्यांवर नुसता टांगल्यासारखा दिसत होता. "आत तरी येऊ द्या रे बाबांनो. एवढे तीन मजले चढले, आता बक्षीस म्हणून एक खुर्ची द्या."

लाबुदने तिला हात देऊन आत आणलं. तिच्या कोपरात त्याला नुसतं हाड लागलं.

"कूमा, मंजूर कधी झालं म्हणाले ते?"

"मागच्या गुरुवारी नव्हे, त्याच्या मागच्या. मला काय विचारतोस? तुला माहीत."

त्याच्या मागच्या गुरुवारी लाबुद समुद्रकाठी बार शहरात होता, मामाच्या मयताला. परिषदेत चौघेच बसले होते. तिथे काय झालं ते त्याने नंतर वाचलंही नव्हतं. यागलिकाची केस त्या दिवशी आली, चार परक्या माणसांनी ती वाचली आणि औषध द्यावं असं त्यांना वाटलं, म्हणून त्यांनी ते दिलं. कुणी शब्द टाकला नव्हता, कुणी उठून गेलं नव्हतं. त्याने स्वप्न बघितलं होतं अगदी तसं.

मग या गुरुवारची ती बाई कोण?

जोडे काढायला दाराशी एक बुटकं स्टूल ठेवलेलं होतं. लाबुद त्यावर बसला. बात्रिचला वाटलं, कूमला भरून आलं.

रोसांदाने टेबल मांडलं. दाट सायीचं काइमाक, पाव, उकडलेले बटाटे, मधोमध कोकरू. बात्रिचने स्वतःच्या हाताने सगळ्यांच्या पेल्यांत राकिया, आमची फळांची कडक दारू, ओतली, यागलिकाच्या पेल्यात ओठ ओले होण्यापुरती, आणि तो उभा राहिला. त्याला भाषण केल्याशिवाय पाणीही गिळता येत नाही.

"लोक मला म्हणायचे, बात्रिच, तुझा कूम फार सोवळा झालाय. नियम करतो म्हणे, नावं पुसतो म्हणे. सख्ख्या आईला रांगेत उभं करील. मी म्हटलं, थांबा! माणूस वेळेला कळतो." त्याने पेला उंचावला. "तो कळला. ज्यानं माझं घर राखलं, त्याचं घर देव राखो!"

"बात्रिच, मी त्या दिवशी तिथं नव्हतोच," लाबुद म्हणाला.

"अर्थात नव्हतास!" बात्रिचने टेबलावर थाप मारली. "ह्याला म्हणतात कसब. काम होतं आणि माणूस बारला मयताला! रोसांदा, तुझा नवरा मंत्री व्हायला हवा होता."

"मी कुणाशी काही बोललो नाही. खरंच सांगतोय."

"कळलं, कळलं. भिंतींना कान असतात." बात्रिचने डोळा मारला आणि फासळीचा तुकडा तोडून लाबुदच्या ताटात ठेवला. "खा. तू काही केलं नाहीस. मीही काही म्हटलं नाही. हे कोकरूच आपल्या पायांनी आलं."

रोसांदा हसली. यागलिका हसली नाही. ती लाबुदकडे पाहत होती, आणि लाबुद ती आल्यापासून एकदाही तिच्याकडे पाहू शकला नव्हता.

"ह्याला काहीतरी सांगायचंय," ती म्हणाली. "बोलू दे त्याला."

लाबुदने फासळी ताटात एका कडेला सरकवली. मग त्याने सांगितलं. फार वेळ लागला नाही. या गुरुवारी एक बाई आली, कागदावरून हुबेहूब तूच. मला वाटलं तूच. उठून गेलो असतो तर तो वशिला झाला असता, म्हणून उठलो नाही. आणि तिला थांबवा म्हणालो. सांगताना त्याला स्वतःलाच ते एखाद्या वेड्याने दुसऱ्या वेड्याला सांगावं तसं ऐकू येत होतं.

बात्रिच अजून अर्धवट हसत होता. ते हसू चेहऱ्यावरून काढायला त्याला जरा वेळ लागला.

"म्हणजे माझ्या बायकोला तू नाही म्हणालास."

"ती नव्हती."

"पण तुला वाटलं, ती आहे."

"हो."

"आणि तू नाही म्हणालास."

"थांबा म्हणालो. तीन महिने."

"तीन महिने!" बात्रिचने यागलिकाच्या मनगटाकडे पाहिलं. तिचं घड्याळ जिथे सैल फिरत होतं तिथे. "मी तुला काय केलं होतं रे? तुझ्या दोन्ही पोरी मी हातात धरल्या पाण्यावर. काय केलं होतं मी तुला?"

 बात्रिच उठला आणि त्याने खुंटीवरचा कोट अंगात चढवला.

"बस खाली," यागलिका म्हणाली.

"या घरात मी—"

"मला परत जिना उतरायला तू लागणार आहेस आणि मी अजून जेवले नाही. बस."

बात्रिच बसला, कोट अंगात तसाच ठेवून. रोसांदाने उगाचच पाव कापायला घेतला. यागलिकाने बटाट्याचा एक तुकडा खाल्ला, नीट चावून गिळला आणि मग विचारलं,

"त्या बाईचं काय?"

 शुक्रवारीच तिच्या डॉक्टरला कळवलं गेलं असणार. तिने किंवा तिच्या घरच्या कुणीतरी विचारलं असणार, का म्हणून? आणि त्या डॉक्टरने लाबुदचीच वाक्यं वाचून दाखवली असणार. इतका वेळ यागलिका वाचली म्हणून आपल्याला हलकं का वाटत नाही, हे लाबुदला आता कळलं. तीन दिवस छातीवर घेतलेलं ओझं उतरलं नव्हतंच. फक्त त्याच्याखालची बाई बदलली होती.

"तिच्याकडे आहेत का तीन महिने?"

"कदाचित."

"लाबुद, गृहपाठ न केलेली पोरं मला आयुष्यभर कदाचित म्हणत आली."

"नसतील," तो म्हणाला. "बहुतेक नसतील."

"मग इथं कोकरू काय खातोयस? कर फोन."

परिषदेच्या अध्यक्ष प्रोफेसर देसांका. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्या हाताखाली लाबुद शिकला होता. टेबलावरून उठून दुसऱ्या खोलीत जावं असं त्याच्या मनात आलं. पण यागलिकाची नजर बघून त्याने तिथेच, ताटासमोर, फोन लावला.

"गुरुवारची दुसरी केस पुन्हा घ्यायला हवी, प्रोफेसर."

"का?" देसांकांचा आवाज एवढा खणखणीत होता की टेबलावर सगळ्यांना ऐकू येत होतं.

"माझी कारणं बरोबर नव्हती."

"उत्तम होती. म्हणून तर आम्ही चौघं गप्प बसलो. कोण लागते ती तुझी?"

"कुणी नाही."

"रविवारी भर जेवणाच्या वेळी, माझं सूप गार होत असताना, कुणी नसलेल्या बाईसाठी फोन? मी याच देशात जन्मले आहे, लाबुद."

"मला त्या वेळी ती दुसरीच कुणीतरी वाटली होती. म्हणजे मी—"

"थांब." चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला. "पुढचं बोलायच्या आधी ऐक. ओळख पटली असं वाटूनही तू खुर्चीत बसून राहिलास, असलं काही तू मला सांगितलंस, तर मला ते मंत्रालयाला कळवावं लागेल. मग चौकशी. चौकशी संपेपर्यंत परिषद बंद, आणि मंजूर झालेली औषधंसुद्धा कपाटात. हा कार्यक्रम मोडायला बसलेले लोक तू मोजले आहेस, मीही मोजले आहेत. तेव्हा मी पुन्हा विचारते, आणि नीट आठवून सांग. कोण लागते ती तुझी?"

लाबुदने समोर पाहिलं. यागलिका पावाच्या तुकड्याने ताटातला काइमाक निपटून घेत होती. मंजूर झालेल्या औषधांत तिचं मंगळवारचं औषध होतं. बात्रिचलाही ते कळलं होतं. त्याने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती.

खरं सांगितलं तर दोन्ही बायका थांबणार होत्या.

"कूमा," लाबुद म्हणाला. "माझी कूमा आहे ती. मला काल कळलं."

पलीकडे प्रोफेसरांनी श्वास सोडला.

"आता कसं बोललास! आधीच नाही का सांगायचंस? बिचारी." मग त्यांचा आवाज कामाचा झाला. "मूत्रपिंडांच्या नव्या तपासण्या मागवते आणि येत्या गुरुवारी विषय परत घेते. तू कुणाला काही सांगू नकोस. विषय निघाला की फक्त उठून बाहेर जा. बाकीचं लोक समजतात."

"हो," लाबुद म्हणाला.

"आणि जेव आता. गार होतं सगळं."

त्याने फोन पालथा घालून टेबलावर ठेवला. औषधं मोजकी होती. या बाईला जागा झाली म्हणजे रांगेतलं दुसरं कुणीतरी एक जागा मागे सरकलं, आणि ते कोण हे कधीच कुणाला कळणार नव्हतं. ज्या नियमासाठी त्याला लोकांनी नावाजलं, तोच येत्या गुरुवारी तो खुर्ची मागे सारून विकणार होता; आणि ती बाई मात्र त्यामुळे जगण्याची शक्यता होती. आपण चांगलं केलं की वाईट, हे ठरवायला त्याला दुसऱ्या कुणाची तरी परिषद हवी होती.

"कूमा म्हणालास," बात्रिच म्हणाला.

"फोनवर म्हणालो. म्हणावं लागलं."

"फोनवर म्हण नाहीतर चर्चमध्ये म्हण. हे नातं रक्तानं लागत नाही, तोंडानंच लागतं. ताटावर बसून म्हणालास, आता ती आहे." तो लाबुदशी बोलत होता पण बघत होता कोकराकडे. "रोसांदा, पुढचा पाय मोडू नकोस. तो बांधून दे. उत्तरेतली शिक्षिका, त्रेसष्ट वर्षांची, मूत्रपिंडं अधू. उद्या संध्याकाळपर्यंत शोधून काढतो."

"बात्रिच, असं करायचं नसतं," लाबुद म्हणाला. "नावं गुप्त ठेवायची म्हणून तर—"

"तुझं गुप्त तू सांभाळ. ती बाई आज कुठंतरी बसून रडत असेल. तिला कुणीतरी सांगायला हवं की तिचं माणूस आहे पॉडगोरित्सात. भले गाढव असेल, पण आहे."

रोसांदाने कोकराचा पाय कागदात बांधून दिला. बात्रिचने तो काखेत मारला, राकियाची उरलेली बाटली टेबलावरच ठेवली आणि गाडी दारापाशी आणतो असं यागलिकाला सांगून तो खाली गेला. जाताना त्याने लाबुदचा मुका घेतला नाही. त्यांच्या सगळ्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. त्याची जड पावलं पार तळमजल्यापर्यंत ऐकू येत राहिली.

रोसांदा भांडी आवरायला आत गेली. दाराशी लाबुदने यागलिकाचा कोट धरला. तिने एक हात बाहीत घातला, मग दुसरा, आणि दुसरा हात आत जायला वेळ लागला म्हणून तो कोट धरून थांबला.

"एक विचारू?" पाठमोरीच ती म्हणाली.

"विचार."

"गुरुवारी ती मीच असते, तर आज तू फोन केला असतास?"

खाली बात्रिच गाडी सुरू करत होता. ती एकदा गुरगुरून बंद पडली. तीन दिवस लाबुदच्या खिशात फोन होता आणि फोनमध्ये प्रोफेसरांचा नंबर होता. तीन दिवस त्याची खात्री होती की ती यागलिका आहे आणि तिच्याकडे वेळ नाही. तो तळमळला होता, जेवला नव्हता, झोपला नव्हता. फोन मात्र त्याने केला नव्हता, आणि न करण्यालाच तो मनातल्या मनात सचोटी म्हणत होता.

"नाही," तो म्हणाला.

यागलिका वळली. तिने कोटाचं वरचं बटण लावलं, रुमालाची गाठ चाचपली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"हे बात्रिचला सांगू नकोस," ती म्हणाली. "त्याला दुसरा कूम नाही."

मग तिने कठडा धरला आणि ती एकेक पायरी उतरायला लागली.